चमकणाऱ्या डोळ्यांचं नाव

एका शब्दापाशी मी चार दिवस अडून बसले होते. थंड प्रदेशातल्या जंगलाविषयीचा एक लेख मराठीत आणायचा होता. बर्फ आला, सूचिपर्णी झाडं आली, हिवाळ्यात पांढरा होणारा ससा आला. सगळी मंडळी निमूटपणे मराठीत उतरली. मग झाडांच्या सावलीतून तो बाहेर आला आणि वाक्य तिथंच थांबलं. लिंक्स. याला काय म्हणायचं?

‘रानमांजर’ म्हणावं, तर रानमांजर हे वेगळंच जनावर. त्याचं नाव काढून दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं बरं नाही. ‘वनबिडाल’ कानाला भारदस्त लागतं, पण त्यातून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, “लिंक्स असंच ठेवलंत तर वाचकाला वाटेल, इंटरनेटवरच्या लिंक्सबद्दल काहीतरी चाललंय.” मी हसले. नेमका हाच विनोद कॅन्सस विद्यापीठातल्या काही मंडळींनी १९९२ सालीच करून ठेवला होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे येईन पुढे.

ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही (मीही फक्त चित्रातच पाहिलाय) त्यांच्यासाठी: मांजराच्या घराण्यातला, मध्यम चणीचा, उंच पायांचा, करड्या-तांबूस अंगावर कमीजास्त ठिपके. शेपूट इतकी आखूड की कुणी अर्ध्यावर तोडून काळ्या शाईत बुडवल्यासारखी. गालांवर कल्ले. दोन्ही कानांच्या टोकांना काळ्या केसांचे उभे झुपके. पावलं शरीराच्या मानाने अवाढव्य, बर्फात रुतू नयेत म्हणून. याच्या चार जाती आहेत: युरेशियन, इबेरियन, कॅनडाचा, आणि उत्तर अमेरिकेतला बॉबकॅट. युरेशियन सगळ्यांत मोठा; त्याचं राज्य स्कँडिनेव्हियापासून थेट लडाखच्या उघड्या डोंगरउतारांपर्यंत पसरलेलं आहे.

तर शब्द. मराठीत नाही सापडत तर निदान तो आला कुठून ते पाहावं, म्हणून मी उलट्या दिशेने चालू लागले. इंग्रजीत तो लॅटिनमधून आला, लॅटिनमध्ये ग्रीकमधून. तिकडे जर्मन त्याला ‘लुख्स’ म्हणतात, लिथुआनियन ‘लूशिस’, स्वीडिश नुसतंच ‘लो’. हजार वर्षांपूर्वीचे इंग्रज ‘लॉक्स’ म्हणत. ही सगळी एकाच कुळातली भावंडं, आणि भाषाशास्त्रज्ञ सहसा त्यांचं मूळ ‘लेउक्’ अशा एका प्राचीन धातूपाशी नेतात. अर्थ: प्रकाशणं, चमकणं. ग्रीकमधला ‘ल्युकोस’ म्हणजे शुभ्र, त्याच्यापासून ल्युकेमिया; लॅटिनमधला ‘लुक्स’ म्हणजे प्रकाश, ‘लुना’ म्हणजे चंद्र; इंग्रजीतला ‘लाइट’. अंधारात ज्याचे डोळे चमकतात तो, असा लिंक्सच्या नावाचा अर्थ लावतात.

आणि मग मला आपली माणसं दिसली.

त्याच धातूचं संस्कृतातलं रूप म्हणजे ‘रुच्’. ल चा र झाला एवढंच. ‘रलयोरभेदः’ म्हणून आपल्याकडे तो व्यवहार कधीच माफ केलेला आहे. रोचते, म्हणजे आधी चमकतं, मग उठून दिसतं, मग आवडतं. आपण जे ‘रुचलं नाही’ म्हणतो, ते मुळात ‘चमकलं नाही’ असं आहे. रुची, रोचक, अरुची सगळे तिथलेच. रुक्म म्हणजे सोनं, झळाळणारं, त्यावरून रुक्मिणी. म्हणजे रखुमाई आणि बर्फातलं हे झुपकेदार कानांचं जनावर दूरची का होईना, एकमेकांची नातलग. मी हे घरात मोठ्याने सांगितलं तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही, पण माझा तो दिवस चांगला गेला.

र झाला नाही अशीही एक पाती आहे. तिच्यात आलोक म्हणजे प्रकाश. अवलोकन, विलोकन म्हणजे पाहणं. लोचन म्हणजे डोळा. ‘लोक’ हा शब्दही बहुधा याच घरातला, मुळात मोकळी, उजेडाची जागा या अर्थाचा; लिथुआनियनमध्ये ‘लाउकस’ म्हणजे अजूनही मोकळं शेत.

लोचनपाशी मी बराच वेळ रेंगाळले. कारण इथं काहीतरी घडलेलं आहे. धातूचा अर्थ चमकणं, पण आलोकाचा झाला अवलोकन, आणि प्रकाशाचा झाला डोळा. चमकणारी वस्तू आणि पाहणारा माणूस ही खरं तर दोन टोकं. दिवा चमकतो, पण दिवा पाहत नाही. तरी आपल्या पूर्वजांनी ‘चमकणं’ हा शब्द सहज ‘पाहणं’ला जोडून दिला. गंमत अशी, की तिकडे युरोपात त्या जनावराच्या नावाचंही नेमकं हेच झालं.

नाव ज्यांनी ठेवलं त्यांचा विचार करा. शेकोटी, पलीकडे अंधार, आणि अंधारात अचानक दोन ठिणग्या, स्थिर. जनावराचं बाकी काही दिसत नाही. जे दिसलं त्यालाच नाव दिलं. ते नाव जनावराच्या नजरेबद्दल काहीच सांगत नाही. सांगतं ते शेकोटीजवळच्या माणसाला काय दिसलं, ते. त्या ठिणग्याही जनावराच्या नव्हेत. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो. आत शिरलेला उजेड तो परत फेकतो, म्हणजे दृष्टिपटलाला त्याच उजेडाचा दुसऱ्यांदा उपयोग होतो. परत फेकलेल्यातला थोडा बाहेर सांडतो. म्हणजे शेकोटीजवळच्या माणसाला जे दिसलं ते त्याच्याच शेकोटीचं परत आलेलं तेज. या थराचं शास्त्रीय नाव ‘टॅपेटम ल्युसिडम’, चमकता गालिचा. आणि त्यातलं ‘ल्युसिडम’सुद्धा त्याच ‘लेउक्’च्या पोटचं. नाव ठेवणारे शास्त्रज्ञ हे ठरवून करत नसतात, म्हणूनच ते इतकं सुंदर होतं.

पण लोकांनी मात्र ‘ज्याचे डोळे चमकतात’ याचं ‘ज्याची नजर तीक्ष्ण’ असं करून टाकलं. त्याला एक नामसाम्यही कारण झालं. ग्रीक पुराणकथांत लिंकिअस नावाचा वीर आहे. सोनेरी लोकरीच्या शोधात निघालेल्या ‘आर्गो’ जहाजावर तो होता. त्याला म्हणे जमिनीखालचंही दिसे. डोंगरमाथ्यावर उभं राहून पोकळ ओक वृक्षाच्या खोडात लपलेला माणूस त्याने हेरला होता. सहाव्या शतकात बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने लिहून ठेवलं, की माणसांना लिंकिअसचे डोळे असते तर सुंदरातल्या सुंदर देहाच्या आतली आतडीही दिसली असती आणि सौंदर्याचा भ्रम फिटला असता. पुढच्या वाचकांना लिंकिअस कोण ते आठवेना. त्यांनी लिंक्स वाचलं. झालं. बिचाऱ्या जनावराच्या नावावर भिंतीपलीकडचं, कातडीआडचं पाहण्याची विद्या जमा झाली. प्रत्यक्षात लिंक्सची नजर चांगलीच असते, मांजराची असावी तशी, पण भिंतीपलीकडचं त्याला दिसत नाही. झुडपाआडचं कळतं ते कानांनी. याबाबतीत जर्मन लोक प्रामाणिक वाटतात: तिखट कानांच्या माणसाला ते ‘लुख्ससारखे कान’ असलेला म्हणतात. स्पेनमध्ये चलाख माणसाला ‘लिन्से’ म्हणतात, ते पुन्हा नजरेवरून. क्रोएशियात ‘लिंक्ससारखा चिडलेला’ अशी म्हण आहे, आणि ती कशी आली असेल याची कल्पना करण्यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

या उसन्या कीर्तीची सगळ्यांत मोठी मिरवणूक निघाली रोममध्ये. १६०३ साली फेडेरिको चेसी नावाच्या अठरा वर्षांच्या सरदारपुत्राने तीन मित्रांना घेऊन निसर्गाच्या अभ्यासासाठी एक मंडळ काढलं. बाकीचे तिघं पंचविशीच्या आसपासचे. मंडळाचं नाव ‘अकादेमिया देई लिंचेई’, लिंक्स-डोळ्यांच्या लोकांची अकादमी. जुन्या ग्रंथांवर विसंबायचं नाही, आपल्या डोळ्यांनी पाहायचं, ही प्रतिज्ञा. चेसीच्या वडिलांना हे थेर अजिबात पसंत नव्हतं (पोरगं रात्र-रात्र कसले प्रयोग करतंय म्हटल्यावर कुठल्या वडिलांना असतं!) आणि त्यांनी ही चौकडी फोडलीही. पण चेसी चिवट निघाला. १६११च्या एप्रिलमध्ये या मंडळात गॅलिलिओ आला. त्याच महिन्यात त्याच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत त्याच्या यंत्राला ‘टेलिस्कोप’ हे नाव मिळालं, आणि १६२५ साली याच मंडळातल्या जोव्हानी फाबरने दुसऱ्या यंत्राला ‘मायक्रोस्कोप’ म्हटलं. दूरचं पाहण्याचं आणि बारीक पाहण्याचं, दोन्ही यंत्रांची बारशी लिंक्सच्याच अंगणात झाली.

गॅलिलिओला या सभासदत्वाचा अभिमान होता. लिंक्स कोरलेली पाचूची अंगठी सभासदांना मिळे. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर तो आपलं नाव ‘गॅलिलिओ गॅलिली लिंचेओ’ असं छापून घेई. १६३२च्या ज्या संवादग्रंथापायी पुढच्याच वर्षी त्याच्यावर खटला भरला, त्यावरही तसंच आहे. चेसी त्याआधीच, १६३० साली, वारला होता आणि त्याच्यामागे मंडळ विसकटलं होतं. पुढे गॅलिलिओ नजरकैदेत राहिला. एक डोळा गेला, मग दुसरा. १६३८मध्ये त्याचा शेवटचा मोठा ग्रंथ परदेशात, लायडनला छापून झाला तेव्हा तो पूर्ण आंधळा होता. पुस्तकाची छापील प्रत हातात आली असेल तेव्हा त्याने ती चाचपडून पाहिली असेल, पानं उलटली असतील, आणि मुखपृष्ठावर ठळक छापलेलं होतं: गॅलिलिओ गॅलिली, लिंचेओ.

त्यापुढे मला त्या दिवशी काही लिहवलं नाही.

दुसरा एक लिंक्स आकाशात आहे, आणि तोही असाच. सतराव्या शतकात पोलंडच्या किनाऱ्यावर, ग्दान्स्क शहरात, योहानेस हेवेलियस नावाचा खगोलज्ञ होता. दुर्बिणीतून चंद्राचे नकाशे काढणारा हा माणूस ताऱ्यांच्या जागा मोजताना मात्र दुर्बीण वापरायचा नाही. नुसत्या डोळ्यांनी, मोठाल्या धातूच्या उपकरणांवरून नेम धरून मोजायचा. लंडनच्या विद्वानांना हे पटेना. १६७९ साली बावीस वर्षांचा एडमंड हॅली, धूमकेतूवाला तोच, खातरजमा करायला त्याच्याकडे जाऊन राहिला आणि म्हाताऱ्याची मापं अचूक आहेत असं कबूल करून परतला. सप्तर्षी, सारथी आणि मिथुन यांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात हेवेलियसने मंद ताऱ्यांची एक वाकडी ओळ जोडली आणि तिला नाव दिलं लिंक्स. का, तर हे तारे पाहायचे म्हणजे लिंक्सचे डोळे हवेत. आपल्या ताराकोशात त्याने ‘लिंक्स किंवा वाघ’ असंही लिहून ठेवलंय. स्वतःलाच नक्की दिसत नव्हतं की काय कोण जाणे. तो १६८७ला गेला आणि त्याची पत्नी एलिझाबेथ, जी त्याच्याबरोबर निरीक्षणं करायची, तिने १६९० साली ते काम छापून पुरं केलं.

म्हणजे आकाशातल्या लिंक्सला नाव मिळालं ते तो चमकत नाही म्हणून. जमिनीवरच्याला, चमकतो म्हणून. शब्द एकच.

मी चष्मा पुसून एका स्वच्छ रात्री हा लिंक्स शोधायचा प्रयत्न केला. त्यातला सगळ्यांत तेजस्वी तारा तिसऱ्या प्रतीचा, किंचित नारिंगी, तो सापडला. मग मान अवघडेपर्यंत पाहिलं. बाकीच्या ओळीच्या जागी अंधार होता, आणि अंधाराकडे फार वेळ पाहिलं की त्यात काहीही दिसायला लागतं, त्यामुळे ते मी मोजत नाही.

आता ते कॅन्ससवाले. १९९२ साली तिथल्या विद्यापीठात एक ब्राउझर तयार झाला, फक्त अक्षरं दाखवणारा. चित्रं नाहीत, रंगसफेती नाही, बाणाची कळ दाबत एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जायचं. दुवे म्हणजे लिंक्स, म्हणून ब्राउझरचं नाव लिंक्स, जनावराचं स्पेलिंग वापरून. माझ्या संपादकांचाच विनोद. पुढे वेब चित्रांनी भरून गेलं आणि हा मागे पडला, पण पुरता नाही. निव्वळ अक्षरांचा मजकूर पडदावाचकाला, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, सहज वाचता येतो, ब्रेल पट्टीवर उमटवता येतो. त्यामुळे दृष्टिहीन माणसांना तो फार उपयोगी पडला. तीक्ष्ण नजरेच्या जनावराचं नाव, आणि उपयोग ज्यांना नजर नाही त्यांना. गॅलिलिओच्या मुखपृष्ठानंतर मला हे वाचून का कोण जाणे, जरा बरं वाटलं.

नावांचा आणखी एक घोळ सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या फ्रेंचमध्ये या प्राण्याला ‘लाँस’ म्हणत. त्या भाषेत स्वराने सुरू होणाऱ्या नामाआधी ‘ल’ हे उपपद चिकटतं, म्हणून लोकांना वाटलं, यातला ‘ल’ उपपदाचाच असणार. त्यांनी तो सोलून काढला आणि उरलं ‘आँस’. तेच इंग्रजीत ‘आउन्स’ झालं, लिंक्ससाठी वापरता वापरता दुसऱ्याच मांजरावर गेलं आणि शेवटी हिमबिबट्यावर स्थिरावलं. मग १७७५ साली हिमबिबट्याला शास्त्रीय नाव देताना त्याचं लॅटिन ‘उन्शिया’ केलं गेलं. लॅटिनमध्ये उन्शिया म्हणजे बारावा हिस्सा! पर्वतांचा राजा म्हणावा असा प्राणी, आणि नाव काय, तर डोकं उडालेला लिंक्स, वर वजनमापाचा शिक्का. लडाखच्या उतारांवर हे दोघेही राहतात. नाव हरवलेला आणि नाव घेऊन गेलेला एकाच डोंगरावर फिरतात. तिबेटीत लिंक्सला म्हणतात ‘यी’, त्यामुळे तिथं तरी दोघांत काही भांडण नाही.

रशियनमध्ये तो ‘रीस’. इथंही ल जाऊन र आला. तांबूस रंगाच्या शब्दाशी गल्लत झाली असावी असं म्हणतात. मला आपलं वाटलं, चला, रलयोरभेदः तिकडेही पोचलेलं दिसतंय.

इराणी लोकांनी मात्र डोळ्यांच्या भानगडीत न पडता कान पाहिले. तसाच झुपकेदार कानांचा, पण वाळवंटी, सडपातळ असा जो प्राणी आहे त्याला फारसीत ‘स्याहगोश’ म्हणतात. गोश म्हणजे कान, स्याह म्हणजे काळा. आपली शाई तिथूनच आली. तुर्कीतही अर्थ तोच, ‘कराकुलाक’, त्यावरून इंग्रजी ‘कॅराकल’. कितीतरी वर्षं याला लिंक्सचाच भाऊबंद मानत. आता कळलंय की नातं कानांपुरतंच आहे. वर मी शेपटीसाठी काळ्या शाईचा दृष्टान्त दिला तेव्हा हे डोक्यात नव्हतं.

हे सगळं जमवता जमवता लेखाची मुदत टळून गेली, ते वेगळं. पण अजून एक नाव-प्रकरण राहिलंय, आणि ते जिवंत जनावरांचं आहे.

इबेरियन लिंक्स जवळजवळ संपला होता. त्याचं सगळं जगणं सशांवर, आणि विसाव्या शतकात स्पेनमधले ससे दोन साथींमध्ये मेले. भरीला शिकार, रस्ते, तुटलेली झुडपी रानं. २००२च्या मोजणीत उरले होते ९४. मांजरकुळातला जगातला सगळ्यांत संकटग्रस्त प्राणी. मग बंदिस्त प्रजनन सुरू झालं आणि २००५च्या मार्चमध्ये दक्षिण स्पेनमधल्या डोन्यानाच्या केंद्रात सालिएगा नावाच्या मादीला तीन पिल्लं झाली. त्यांची नावं ब्रेसो, ब्रिसा आणि ब्रेसिना. तिन्ही ‘ब’ची, कारण दर वर्षाला एक अक्षर ठरलेलं असतं, त्या वर्षी जन्मलेल्या सगळ्यांची नावं त्या अक्षरावरून. ब्रिसा म्हणजे वाऱ्याची झुळूक, ब्रेसो म्हणजे माळावर फुलणारं एक झुडूप. त्यातलं एक पिल्लू सहाएक आठवड्यांचं असताना भावंडाशी झालेल्या झटापटीत मेलं. पहिलीच पिल्लं, साऱ्या देशाचं लक्ष लागलेलं, आणि हे. पण त्यातून या पिल्लांमध्ये ठरावीक वयात अशी मारामारी उसळते हे कळलं आणि पुढच्यांवर पहारा ठेवता आला. २०२३ सालच्या मोजणीत स्पेन-पोर्तुगाल मिळून संख्या दोन हजारांवर गेली, आणि २०२४च्या जूनमध्ये त्याचा वर्ग ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’वर आणला गेला. ही बढती आहे, शब्दांवरून वाटत नसलं तरी.

हजारो वर्षं ‘चमकत्या डोळ्यांचा’ या एका नावाखाली राहिलेल्या प्राण्याला, शंभराच्या आत उरल्यावर, एकेकाला स्वतःचं नाव मिळालं. बाल्कनमधला लिंक्स अजून तशाच संकटात आहे. प्रौढ प्राणी पन्नासहून कमी असल्याचं मानतात. उत्तर मॅसेडोनियाच्या पाच दिनारच्या नाण्यावर त्याचं चित्र आहे. चलनात फिरणारे लिंक्स रानातल्यांपेक्षा कितीतरी जास्त.

तर माझं भाषांतर. शेवटी ‘लिंक्स’ असंच ठेवलं. संपादकांनी तक्रार केली नाही, त्यांना बहुधा मजकूर मिळाल्याचाच आनंद झाला. फक्त शेवटच्या परिच्छेदात, तो प्राणी संध्याकाळी झाडांच्या कडेला येतो आणि लेखकाकडे वळून पाहतो तिथं, मी हट्टाने एक शब्द घातला होता: ‘त्याचे लोचन क्षणभर चमकले.’ लिंक्सच्याच धातूतला शब्द आणि त्या धातूचा अर्थ एका वाक्यात, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, अशी माझी गुप्त मौज.

छापून आलं तेव्हा पाहिलं. ‘लोचन’ खोडून ‘डोळे’ केलेलं होतं. वाक्य आधीपेक्षा चांगलं वाचलं जात होतं.